झोपेचा पहारा

ज्या घरातील पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला अथवा मुलीला द्विध्रुवी विकार असल्याचे निदान झाले आहे, त्या घरात औषधाची पहिली गोळी पोटात जाण्यापूर्वीच एक पालट घडून आलेला असतो, आणि तो वडीलधाऱ्यांच्या नजरेत घडलेला असतो. कालपर्यंत जे हसणे नुसते हसणे होते त्यात आज उन्मादाची चाहूल शोधली जाते. दार लोटून घेऊन तासभर एकटे बसणे, जे या वयाच्या प्रत्येक मुलाने आजवर केलेले आहे व पुढेही करावयाचे आहे, ते अवसादाचे पूर्वचिन्ह ठरते. आणि क्रिकेटच्या सामन्यात आपला संघ जिंकल्यावर मारलेल्या आरोळीनंतर आईबाबा एकमेकांकडे ज्या दृष्टीने पाहतात, ती मुलाच्या ध्यानात आल्याखेरीज राहत नाही. आपल्या आनंदाचा आता पंचनामा होऊ लागला आहे, हे मुलांना फार लवकर उमगते. मग ती आनंद लपवू लागतात, दुःख तर आधीपासूनच लपवीत असतात, आणि ज्या पहाऱ्याच्या भरवशावर आईबाप निर्धास्त राहू पाहतात तो पहाराच आंधळा होऊन बसतो.

पहारा हवा, यात संशय नाही. माझे म्हणणे इतकेच की, तो मुलाच्या मनोभावांवरून उठवून त्याच्या झोपेवर, उठण्या-जेवण्याच्या वेळांवर, गोळ्यांच्या डबीवर आणि पैशाच्या वाटेवर बसवावा. हे म्हणणे केवळ सौजन्यापोटी केलेले नाही. या विकाराचे जे काही शास्त्र आज उपलब्ध आहे त्याचाच कौल असा आहे, आणि पुढील विवेचन त्या कौलाचा तपशील म्हणून वाचावे.

उन्माद आणि खिन्नता या दोन अवस्था वैद्यकास प्राचीन काळापासून ठाऊक होत्या. परंतु हे दोन निराळे रोग नसून एकाच रोगाची आळीपाळीने येणारी रूपे होत, हे इ. स. १८५४ च्या आरंभी पॅरिसमध्ये बेयार्जे आणि फालरे या दोन वैद्यांनी अवघ्या काही दिवसांच्या अंतराने मांडले, आणि शोधाचा मान प्रथम कोणाचा यावरून त्या दोघांत जुंपलेली तक्रार पुढे बराच काळ धुमसत राहिली. त्यानंतर जर्मनीत एमिल क्रेपेलिन याने आपल्या रुग्णांची एकेक कार्डे ठेवून त्यांच्या प्रकृतीचा माग वर्षानुवर्षे काढला, आणि १८९९ साली आपल्या पाठ्यपुस्तकाच्या सहाव्या आवृत्तीत या आजाराला एका स्वतंत्र रोगाचे स्थान दिले. 'द्विध्रुवी' हे नाव त्याहून पुष्कळच अलीकडचे. कार्ल लिओनहार्ड याने १९५७ मध्ये केलेल्या वर्गीकरणातून ते आले आणि १९८० मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत सूचीत स्थिरावले. या इतिहासातील पालकांच्या उपयोगाची बाब म्हणजे क्रेपेलिनची कार्डे. रुग्ण एखाद्या दिवशी कसा दिसतो यावरून त्याने निर्णय केला नाही. महिन्यांमागून महिने जे चक्र फिरत असे ते त्याने पाहिले. आजही एका दिवसाच्या पाहणीतून हा विकार सहसा ओळखता येत नाही, मग पाहणारा डॉक्टर असो की जन्मदाती आई असो.

ग्रंथांत दिलेल्या मुदती याच कारणास्तव लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. उन्मादाचा झटका म्हणावयाचा तर ती अवस्था निदान सात दिवस, दिवसाचा बहुतेक वेळ टिकलेली असावी लागते, अथवा इस्पितळात दाखल करावे लागण्याइतकी तीव्र तरी असावी लागते. त्याहून सौम्य अशा अर्धोन्मादास चार दिवस पुरतात. आणि नैराश्याचा काळ किमान दोन आठवड्यांचा असावा लागतो. सकाळी रुसलेला आणि संध्याकाळी मित्र भेटताच खुललेला मुलगा या हिशेबात बसत नाही. पौगंडावस्थेतील चढउतार तासांचे असतात, विकाराचे चढउतार आठवड्यांचे असतात, असे ढोबळ मानाने म्हणता येईल. मात्र कुमारवयात दोन्ही अवस्थांची सरमिसळ अधिक आढळते, आणि प्रौढांमध्ये जेथे उल्हास दिसतो तेथे या वयात पुष्कळदा निव्वळ चिडखोरपणाच दिसतो, यामुळे अनुभवी तज्ज्ञांनाही थांबून पाहावे लागते. न थांबल्यास काय होते त्याचा दाखला अमेरिकेत आहे. तेथे १९९४-९५ ते २००२-०३ या अल्प काळात मुलांच्या व कुमारांच्या बाह्यरुग्ण भेटींतील या निदानाचे प्रमाण सुमारे चाळीस पट झाले. पुढे असे दिसून आले की, यांतील पुष्कळ मुले केवळ सदैव चिडलेली होती, त्यांच्यात चक्र असे नव्हतेच, आणि २०१३ मध्ये त्यांच्यासाठी निराळे निदान योजावे लागले. आपल्याकडील आपत्ती बहुधा उलट प्रकारची आहे. २०१५-१६ मध्ये बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार प्रौढांपैकी दर हजारी सुमारे पाच जणांना हा विकार आयुष्यात केव्हा तरी झालेला होता, आणि ज्यांना तो त्या वेळी होता त्यांच्यातील दहांपैकी सुमारे सात जण उपचारांवाचून होते.

मग साध्या वांडपणापासून उन्माद ओळखावा कसा? रात्री दोन वाजता कपाट आवरावयास काढणे, एका दमात तीन विषयांवर बोलणे, बोर्डात पहिला येण्याची आणि त्याच आठवड्यात शाळा सोडून उद्योग काढण्याची घोषणा करणे, बाबांच्या मोबाइलवरून अनावश्यक वस्तूंची खरेदी करणे, मोटारसायकल भरधाव हाकणे, एरवी भिडस्त असलेल्या मुलीने अनोळखी माणसांशी अतोनात धिटाईने वागणे, ही सारी लक्षणे खरीच. तथापि यांतील प्रत्येकाचा काही ना काही अंश निकोप मुलांतही सापडतो. जो सहसा सापडत नाही तो प्रकार झोपेचा. परीक्षेसाठी किंवा मोबाइलपायी रात्रभर जागलेला मुलगा दुसऱ्या दिवशी डुलक्या घेतो, खेकसतो, दुपारी आडवा होतो. उन्मादाच्या वाटेवरील मुलगा तीनच तास झोपून उठतो आणि थकलेला नसतो. उलट तो विलक्षण ताजातवाना असतो, आणि सलग चौथ्या दिवशीही तसाच असतो. झोप न मिळणे निराळे आणि झोपेची गरजच न उरणे निराळे. हा भेद स्वयंपाकघरातून दिसू शकतो, त्यासाठी मुलाच्या अंतःकरणात डोकावण्याचे प्रयोजन पडत नाही.

झोप हे नुसते लक्षण नाही. अमेरिकन संशोधक टॉमस वेर व त्याच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये असे प्रतिपादन केले की, उन्मादाकडे नेणारी कारणे शोक, प्रवास, प्रसूती, औषध अशी कितीही भिन्न असली तरी त्यांतील पुष्कळ वाटा झोप तुटण्याच्या एकाच उंबरठ्यावरून जातात. झोप तुटली की उन्माद वाढतो आणि उन्माद वाढला की झोप आणखी तुटते. या विचाराचा व्यावहारिक उपयोग पिट्सबर्ग विद्यापीठातील एलेन फ्रँक यांनी केला. त्यांनी रुग्णांच्या दिवसातील पाच वेळा निवडल्या: अंथरुणातून उठण्याची, दिवसातील पहिल्या माणसाशी बोलण्याची, शाळा अथवा काम सुरू होण्याची, रात्रीच्या जेवणाची आणि निजण्याची. या वेळा रोज टिपून ठेवणे आणि त्या शक्य तितक्या सारख्या राखणे, हा त्यांच्या उपचारपद्धतीचा कणा आहे. आणि या पद्धतीने ज्यांचा दिनक्रम अधिक नियमित झाला, त्यांच्यात पुढील झटका अधिक काळ लांबला, असे त्यांना आढळले.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. कुमारवयात शरीराचे घड्याळ निसर्गतःच तास-दोन तास मागे सरते. दहाव्या वर्षी नऊला पेंगणारे मूल सोळाव्या वर्षी अकराच्या आधी झोपू शकत नाही, आणि 'लवकर निजे, लवकर उठे' या सुभाषिताचा आग्रह धरणारे वडील त्या शरीराशी व्यर्थ झगडा मांडतात. वेळ कोणती यापेक्षा ती रोज तीच असणे महत्त्वाचे. रोज साडेअकरा ते साडेसात हे वेळापत्रक चालेल. सोमवार ते शुक्रवार पाच तास आणि रविवारी दुपारी बारापर्यंत लोळणे, हे चालणार नाही.

आणि आपला समाज तर जागरणाला पुण्य मानणारा! गणेशोत्सवातील देखावे रात्री पाहावयाचे, ढोलताशा पथकाच्या तालमी आधी महिनाभर रंगावयाच्या, विसर्जनाची मिरवणूक दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत चालावयाची, नवरात्रात गरबा, कोजागरीला तर जागणे हाच विधी, लग्नघरात गोंधळ. आणि या सर्वांवर कडी करणारे मोठे जागरण म्हणजे फेब्रुवारी-मार्चमधील दहावी-बारावीचे, ज्यात घड्याळाला गजर लावून मुलाला पहाटे चारला चहा करून देण्यात आईला कृतार्थता वाटते. या विकाराच्या मुलासाठी यांतील प्रत्येक प्रसंग हा जोखमीचा मामला आहे. म्हणून त्याला उत्सवातून उठवून घरी कोंडावे काय? मुळीच नाही; तसे केल्याने त्याचे मित्र तुटतील, आणि एकाकीपणाही प्रकृतीला काही मानवत नाही. पथकात वाजवू द्यावे, परंतु तालमीतून साडेनऊला निघण्याचा करार आधी करावा. मिरवणुकीला दिवसा जावे. गरब्याच्या नऊ रात्रींपैकी दोन मुलाने स्वतः निवडाव्यात आणि त्यांच्या दुसऱ्या दिवशी उशिरा उठण्याची मुभा न घेता दुपारी थोडी विश्रांती घ्यावी. परीक्षेच्या अभ्यासाचे तास झोपेतून न कापता विषयांतून कापावेत, हे ऐकावयास कठोर वाटले तरी त्याला इलाज नाही.

नोंदवहीचा विषय ओघाने आलाच आहे. ती फार मोठी असू नये. दुकानदार रोजकीर्द लिहितो त्याप्रमाणे दिवसाला एक ओळ पुरे: किती वाजता निजला, किती वाजता उठला, गोळी घेतली की नाही, आणि त्याच्या स्वतःच्या मते आजची उमेद शून्य ते दहांपैकी किती. शेवटचा आकडा मुलानेच लिहावा. आईने तो तपासू नये, त्यावर भाष्य करू नये, आणि 'काल तर तीन लिहिलंस, मग आज आठ कसे?' अशी उलटतपासणी तर मुळीच घेऊ नये. दोन-तीन महिन्यांनी ही पाने डॉक्टरांपुढे ठेवली असता जो बोध होतो तो तासभराच्या मुलाखतीत होत नाही: मासिक पाळीच्या आधी झोप मोडते, अथवा सहामाही परीक्षेनंतरचा पंधरवडा दर वर्षी वाईट जातो, अथवा औषध बदलल्यापासून उमेदीचा आकडा चारच्या वर गेलेलाच नाही. निदानापूर्वीच्या काळातही अशा नोंदीचे मोल मोठे आहे, कारण पुष्कळ मुलांत नैराश्याचा काळ प्रथम येतो, त्यावर साधे नैराश्य समजून केवळ नैराश्यविरोधी गोळ्या सुरू होतात, आणि काही मुलांत त्या गोळ्याच उन्मादाला आवतण देतात. पूर्वी केव्हा तरी एखादा विलक्षण उत्साहाचा आठवडा येऊन गेला होता, अथवा काकांना तरुणपणी 'डोके फिरल्यामुळे' घरी बसावे लागले होते, ही माहिती डॉक्टरांना न विचारता सांगावयास हवी. परंतु 'आमच्या घराण्यात असे कोणी नाही' हे वाक्य आपल्याकडे इतक्या तत्परतेने उच्चारले जाते की, घराण्याची अब्रू राखण्याच्या भरात मुलाच्या औषधाची दिशा चुकते. वस्तुतः आनुवंशिकतेत लज्जेचे कारण नाही, आणि फाजील भयाचेही नाही. आईबापांपैकी एकाला हा विकार असला तरी त्यांच्या दहा मुलांपैकी साधारण नऊ मुलांना तो होत नाही.

औषधांपैकी ज्याची हकीकत सर्वांत चित्तवेधक आहे ते लिथियम. १८१७ साली स्टॉकहोम येथे आर्फवेडसन या तरुण रसायनशास्त्रज्ञाला एका खनिजात ते सापडले; आणि एकशे बत्तीस वर्षांनी, १९४९ मध्ये, ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहराबाहेरच्या एका सैनिकी इस्पितळात जॉन केड या डॉक्टराने, स्वतः महायुद्धात जपान्यांचा युद्धकैदी म्हणून वर्षे काढून परतल्यावर, अडगळीच्या खोलीत गिनीपिगांवर प्रयोग करून ते उन्मादाच्या दहा रुग्णांना दिले. परिणाम चकित करणारे होते. पण लिथियम हे कोणालाही पेटंट घेता येणार नाही असे नैसर्गिक द्रव्य, शिवाय त्याच सुमारास अमेरिकेत मिठाऐवजी वापरल्या गेलेल्या लिथियमने काही माणसे दगावलेली. त्यामुळे डेन्मार्कच्या मोगेन्स शोऊ याने पद्धतशीर परीक्षणे करूनही अमेरिकेत त्याला परवानगी मिळावयास १९७० साल उजाडावे लागले. आज पाऊण शतक लोटल्यानंतरही ते मागे पडलेले नाही, आणि या विकारातील आत्महत्यांचे प्रमाण घटविण्याबाबत त्याच्याइतका भरवशाचा पुरावा दुसऱ्या कोणत्याही औषधाच्या बाजूने नाही.

लिथियम घेणाऱ्या मुलाच्या घरी आईला थोडे रसायनशास्त्र ठाऊक असणे आवश्यक आहे. आपली मूत्रपिंडे लिथियमला सोडियमसारखेच वागवितात. शरीरातील मीठ व पाणी घटले की ती सोडियम राखून ठेवू लागतात आणि त्याबरोबर लिथियमही राखतात, त्यामुळे गोळी तीच असूनही रक्तातील प्रमाण वाढते. औषधाचे उपयुक्त प्रमाण आणि विषारी प्रमाण यांत अंतर थोडे असते: दर लिटरला साधारण ०.६ ते १.० मिलिमोल हे उपयोगाचे, आणि १.५ च्या वर धोक्याचे. म्हणून विदर्भातील मे महिन्याचे ऊन, फुटबॉलचा सराव, जुलाब-उलट्या, एकाएकी मीठ सोडणे आणि निर्जळी उपास या पाच गोष्टी एकाच यादीत पडतात. आजीने दृष्ट काढण्यासाठी मीठमोहऱ्या ओवाळल्या तर लिथियमच्या पातळीत काही फरक पडत नाही, तिला ओवाळू द्यावे. मांत्रिकाने सांगितलेल्या निर्जळी उपासाने मात्र पडतो. (आणि भूत उतरविण्याच्या नावाखाली मारझोड करणाऱ्या मांत्रिकाची फिर्याद २०१३ च्या महाराष्ट्राच्या कायद्यान्वये पोलिसांत देता येते, हेही येथेच नमूद करून ठेवतो.) अंगदुखीसाठी औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेल्या आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकच्या गोळ्याही ही पातळी वाढवितात; ताप आला असता पॅरासिटामॉल बरे. हात जोराने थरथरू लागले, चालताना तोल जाऊ लागला, बोबडी वळू लागली, उलट्या थांबेनात, तर पुढची गोळी न देता तडक इस्पितळ गाठावे. रक्ततपासणी शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी करावयाची असते, हे पुष्कळ प्रयोगशाळांत कोणी सांगत नाही. शिवाय दर सहा महिन्यांनी थायरॉईड ग्रंथी व मूत्रपिंडे यांची तपासणी व्हावी. इतर औषधांविषयी येथे विस्तार करीत नाही. मात्र व्हॅल्प्रोएट हे औषध वयात आलेल्या मुलींना देणे शक्य तो टाळावे, कारण गर्भ राहिल्यास त्यात गंभीर व्यंगे निर्माण होण्याची भीती असते, एवढे प्रत्येक मुलीच्या आईला ठाऊक असावे, आणि ते डॉक्टरांना विचारण्याचा संकोच तिने करू नये.

आता घरातील भाषा. १९५० च्या दशकात लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन या समाजशास्त्रज्ञाने मनोरुग्णालयातून सुटलेल्या पुरुषांचा माग काढला असता त्याला असे आढळले की, जे आईबापांच्या अथवा बायकोच्या घरी परतले त्यांच्यात पुन्हा इस्पितळात येण्याचे प्रमाण, भाड्याच्या खोलीत किंवा भावंडांकडे राहणाऱ्यांपेक्षा अधिक होते. प्रेमाच्या माणसांत रोग बळावतो, हे विधान धक्कादायक होते. पुढील संशोधनाने त्याचा उलगडा असा केला की, बाधते ते प्रेम नसून प्रेमापोटी होणारी अविरत टीका, वैरभाव आणि सदैव अंगावर येणारी काळजी हे होय. आणि १९८० च्या दशकात डेव्हिड मिक्लोविट्झ यांनी हाच अनुभव द्विध्रुवी विकारातही दाखवून दिला, व त्यावरून संपूर्ण कुटुंबाला शिकविण्याची एक उपचारपद्धती रचली. तिचे सार मराठी घरात आणावयाचे तर ते वाक्यांच्या घडणीत आणावे लागेल. 'तुझं पुन्हा सुरू झालं वाटतं!' या वाक्यात मुलगा आणि रोग यांचा घोळ होतो, आणि तरुण मुलगा त्यावर उसळतो. 'दोन रात्री तू चारच तास झोपलायस, वहीत बघ. उद्या डॉक्टरांना फोन करू या' या वाक्यात वाद घालावयास जागाच राहत नाही, कारण ते घड्याळाविषयी आहे. उन्माद चढलेल्या मुलाशी तत्त्वचर्चा करू नये. त्याच्या योजना खोडून काढू नयेत आणि उचलूनही धरू नयेत. 'याचा विचार आपण रविवारी करू' असे म्हणून मुदत मागून घ्यावी, दिवे मंद करावेत, पाहुण्यांना परतवावे, गाडीची चावी आणि पैशाचे व्यवहार गुपचूप आपल्या ताब्यात घ्यावेत. आणि झटका ओसरल्यावर, त्या काळात तो जे बोलला त्याचा हिशेब त्याच्याकडून मागू नये. याचा अर्थ सर्व गुन्हे माफ, असा नाही. निकोप काळात केलेला उर्मटपणा हा उर्मटपणाच, आणि त्यासाठी इतर भावंडांना जी शिक्षा तीच त्यालाही असावी. रोगाचे निमित्त करून प्रत्येक गोष्ट क्षम्य ठरविणे हाही मुलाचा एक प्रकारचा अपमानच होय. धाकट्या भावंडाला मात्र नेमके काय चालले आहे ते त्याच्या वयाला समजेल अशा शब्दांत सांगितलेले बरे, नाही तर ते स्वतःलाच दोषी मानू लागते.

नैराश्याच्या काळात कसोटी निराळी. तेव्हा मूल बारा-बारा तास निजते, अंघोळ टाळते, आवडता वडापावही पुढे तसाच ठेवते, आणि घरात शांतता असल्याने वडीलमंडळींना हा काळ बरा वाटतो, जो वस्तुतः अधिक धोक्याचा असतो. जीव द्यावासा वाटतो काय, हे सरळ विचारावे; विचारल्याने ती कल्पना मनात भरते, ही समजूत निराधार आहे, आणि बहुतेक मुलांना कोणी तरी विचारल्याने सुटल्यासारखे वाटते. शेतीच्या घरात कीटकनाशकांचे डबे, आणि कोणत्याही घरात औषधांचा साठा, कुलपात ठेवावा, कारण लिथियमही अतिरिक्त प्रमाणात घातक आहे. रात्री-अपरात्री सल्ला हवा असल्यास टेलिमानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक २०२२ पासून चालू आहे, आणि त्यावर मराठीत बोलता येते. महाराष्ट्रातील काही शहरांत मनोरुग्णांच्या आप्तांचे, ज्यांना तेथे 'शुभंकर' म्हणतात, स्वमदत गट चालतात. तेथे जाऊन बसल्याने आईबापांची जी सोय होते ती कोणत्याही लेखाने होणार नाही.

शाळेचा प्रश्न थोडक्यात संपवितो. मुख्याध्यापकांना आणि एका वर्गशिक्षकांना सांगावे, साऱ्या शाळेला नको. डॉक्टरांचा दाखला दप्तरी ठेवावा, म्हणजे हजेरी कमी पडल्यास तो कामास येतो. आणि नियमित विद्यार्थी म्हणून वर्ष निभणार नसेल तर सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी-बारावीला बसता येते. एक वर्ष मागे पडल्याने आयुष्य मागे पडते, ही आपल्या मध्यमवर्गाची अढळ श्रद्धा आहे. तिच्यापायी झोप मोडून पुन्हा झटका ओढवून घेतलेली मुले पाहिली म्हणजे या श्रद्धेची किंमत कोण मोजतो ते कळते.

येरवड्याच्या किंवा ठाण्याच्या मनोरुग्णालयात धाडण्याची थट्टा मराठी माणूस पिढ्यान्पिढ्या करीत आला आहे, आणि त्या थट्टेमुळेच इस्पितळाचे नाव निघताच घर हादरते. तरीही काही वेळा दाखल करणे हाच बंदोबस्त सुरक्षित असतो. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ अन्वये अल्पवयीन मुलाला अपवादात्मक परिस्थितीतच दाखल करता येते. दोन तज्ज्ञांनी त्याची स्वतंत्र तपासणी करावी लागते, त्याची व्यवस्था प्रौढांपासून अलग असावी लागते, आईबापांपैकी अथवा नेमलेल्या सोबत्यांपैकी कोणी तरी संपूर्ण काळ त्याच्याजवळ राहावे लागते, आणि दाखल केल्याची खबर बहात्तर तासांत पुनर्विलोकन मंडळाला द्यावी लागते. विमा कंपन्यांनीही मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्याच पायरीवर धरले पाहिजे, असे हा कायदा सांगतो. अठरा वर्षे पुरी होईपर्यंत मुलाच्या वतीने बोलण्याचा अधिकार कायदेशीर पालकाचा. त्या दिवसानंतर तो आपोआप संपतो. सज्ञान झालेला रुग्ण, आजारी पडल्यास आपल्यावर कोणते उपचार व्हावेत आणि कोणते होऊ नयेत याचा अग्रिम निर्देश आधीच करून ठेवू शकतो, आणि साध्या कागदावर सही करून आपला प्रतिनिधी नेमू शकतो. सतराव्या वर्षीच, प्रकृती स्थिर असताना, या कागदाचा मसुदा मुलाबरोबर बसून तयार करावा: आपले झटके कोणत्या खुणांनी सुरू होतात, कोणते औषध आपल्याला सोसले नाही, त्या काळात मोबाइल व पैसे कोणी सांभाळावेत, कोणत्या नातेवाइकांना कळवू नये. प्रतिनिधी म्हणून त्याने आईबापांऐवजी थोरल्या ताईला किंवा मामाला निवडले, तर त्याचा राग मानण्याचे कारण नाही. पुढच्या रक्ततपासणीची तारीख, डॉक्टरांचा क्रमांक आणि वहीतील गेल्या दोन वर्षांची पाने त्या व्यक्तीला नीट समजावून द्यावीत.